नेराच्या पाठीवरचं प्रेत आणि दारातला भोपळा

एका जुन्या आयरिश गोष्टीत, आज ज्या रात्री हॅलोविन असतो त्याच रात्री, राजवाड्यात चुलीवर हंडा चढला आहे, मेजवानी व्हायची आहे. बाहेर मिट्ट काळोख, आणि आदल्या दिवशी फाशी दिलेले दोन कैदी अजून तसेच लटकताहेत. आयलिल राजा पैज लावतो: जो कोणी बाहेर जाऊन त्यांतल्या एकाच्या पायात ओल्या फांदीचं वेटोळं अडकवून येईल, त्याला बक्षीस. एकेक जण जातो आणि पांढराफटक होऊन परत येतो. शेवटी नेरा नावाचा गडी उठतो. तो वेटोळं अडकवतो, ते निसटतं. असं तीनदा होतं. तेव्हा प्रेतच त्याला सांगतं, "खुंटी मार त्याला, नाहीतर पहाटेपर्यंत असाच खटपटत बसशील." खुंटी बसते. मग प्रेत म्हणतं, "फाशी दिलं तेव्हा मला तहान लागली होती. आता मला पाठीवर घे आणि पाणी प्यायला घेऊन चल."

आपल्याला इथे विक्रम-वेताळ आठवणारच. पण तो वेताळ गोष्टी सांगतो, याला नुसतं पाणी हवंय. पहिल्या घराभोवती आगीचं कडं असतं, कारण त्या घरात रोज रात्री निखारे नीट झाकून ठेवतात. दुसऱ्याभोवती पाण्याचं तळं, कारण तिथे रात्री सांडपाणी शिल्लक ठेवत नाहीत. तिसऱ्या घरात मात्र घंगाळात आंघोळीचं पाणी तसंच, बादलीत खरकटं तसंच. प्रेत ते पितं, शेवटचा घोट घरच्या माणसांवर थुंकतं आणि सगळी मरतात. गोष्ट इथे थांबून चक्क बजावते की घरात रात्री असं पाणी ठेवू नये. खरकटी भांडी रात्रभर राहू न देणाऱ्या समस्त आज्यांना हजारेक वर्षांपूर्वीच्या आयर्लंडमधून मिळालेलं हे अनुमोदन.

नेरा परततो तर राजवाडा जळून गेलेला, मुंडकी कापून नेलेली. तो मारेकऱ्यांच्या मागे एका गुहेत शिरतो. आत दुसरंच जग आहे. तिथली एक बाई त्याची बायको होते आणि सांगते: तू पाहिलंस ते अजून घडलेलं नाही, पण सावध केलं नाहीस तर पुढच्या वर्षी याच रात्री घडेल. तुझी माणसं अजून त्याच हंड्याभोवती बसली आहेत. त्यांना पटावं म्हणून उन्हाळ्यातलं काहीतरी घेऊन जा. नेरा रानलसूण, प्रिमरोझची फुलं आणि नेचा घेऊन बाहेर येतो. बाहेर हिवाळा तोंडावर आलेला, आणि हंडा अजून चुलीवरून उतरायचाच आहे.

ही रात्र म्हणजे साविनची रात्र. आपल्या सोसायट्यांत आणि मॉलमध्ये ३१ ऑक्टोबरला प्लास्टिकचे सांगाडे टांगून जो हॅलोविन साजरा होतो, त्याचं मूळ या रात्रीत असल्याचं सांगतात. 'दोन हजार वर्षांची प्राचीन परंपरा' असे फॉरवर्ड दरवर्षी येतात. त्यातलं किती खरं, ते बघू.

साविन हा आयरिश शब्द. लिहिताना त्यात म आणि ह ही अक्षरं येतात, पण उच्चार साधारण साविन असा. आजही आयरिश भाषेत नोव्हेंबर महिन्याचं नाव हेच आहे. जुन्या आयर्लंडमध्ये वर्षाचे चार सांधे होते: १ फेब्रुवारी, १ मे, १ ऑगस्ट आणि १ नोव्हेंबर. यातला शेवटचा सांधा साविनचा. उन्हाळा संपला, हिवाळा लागला. त्या काळच्या आयर्लंडमध्ये गुरं हीच दौलत. उन्हाळाभर डोंगरातल्या कुरणांवर सोडलेली गुरं या सुमाराला खाली आणायची, मोजायची, आणि हिवाळाभर पोसता येणार नाहीत ती कापायची. आपल्याकडे पावसाळा सरला की धनगरांचे वाडे देशावरून कोकणात उतरतात, तसा हा ऋतूबरोबर उलटणारा संसार. ताजं मांस मुबलक, धान्य घरात, शेतीची कामं उरकलेली. मेजवानीला याहून चांगला मुहूर्त कुठला? एका जुन्या कथेत तर साविनच्या आधीचे तीन दिवस, साविनचा दिवस आणि नंतरचे तीन दिवस असा आठवडाभर खाणंपिणं चालतं.

पण सण १ नोव्हेंबरचा असेल तर धमाल ३१ ऑक्टोबरच्या रात्री का? कारण त्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू व्हायचा. रात्र आधी, दिवस मागून. गॉलमधले, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागातले, आयरिश लोकांच्याच भाषाकुळातले केल्टिक लोक दिवस नव्हे तर रात्री मोजतात, असं ज्यूलियस सीझरनेही लिहून ठेवलं आहे. तेव्हा ३१ तारखेचा सूर्य मावळला की साविन लागलंच.

भुतं कुठून आली ते मराठी माणसाला समजावायला फार कष्ट नकोत. तिन्हीसांजेला झोपू नये, केर काढू नये, उंबऱ्यावर बसू नये हे आपण ऐकत वाढलो. दिवस धड संपलेला नसतो, रात्र धड लागलेली नसते, त्या फटीतून काहीही आत येऊ शकतं. साविन ही अख्ख्या वर्षाची तिन्हीसांज. उन्हाळ्याचं दार लोटलंय आणि हिवाळ्याचं नीट उघडलेलं नाही, अशा वेळी 'शी' लोकांचे टेकाडांतले दरवाजे उघडतात. 'शी' म्हणजे टेकाडांच्या पोटात राहणारी मंडळी. इंग्रजी गोष्टींतल्या पंखवाल्या नाजूक पऱ्यांशी यांचा काही संबंध नाही, हे लोक माणसांएवढे, देखणे आणि खुनशी. नेरा ज्या गुहेत शिरला ती रॉसकॉमन परगण्यात राथक्रॉहन इथे आजही आहे. नाव 'मांजरांची गुहा'. तोंड इतकं अरुंद की वाकून, जवळजवळ सरपटतच आत जावं लागतं. आणखी एक समज माझ्या आवडीचा: साविननंतर रानातली ब्लॅकबेरी खायची नाही, कारण पूका नावाचं खोडकर भूत त्या रात्री सगळ्या फळांवर थुंकतं. कुठे कुठे थुंकत नाही, मुततं. तोवर थंडीने फळं नासलेली असतातच. पोरांनी ती खाऊ नयेत म्हणून याहून परिणामकारक पाटी कोण लावणार?

आता जरा अडचणीचा भाग. साविनबद्दल जे लिखित मिळतं ते जवळजवळ सगळं ख्रिस्ती मठांतल्या लेखनिकांच्या हातचं आहे. आयर्लंड ख्रिस्ती झालं पाचव्या शतकापासून पुढे, आणि या कथा कागदावर, म्हणजे चामड्यावर, आल्या त्यानंतर कित्येक शतकांनी. तेव्हा सण होता, लोक जमत, खात-पीत, ती रात्र धोक्याची मानत, इतकं म्हणता येतं. नेमके विधी कोणते, मंत्र कोणते, ड्रुइड पुरोहित काय करायचे, यावर ठाम बोलणारा माणूस दिसला की मी खिसा सांभाळतो. 'साविन हा केल्ट लोकांचा मृत्यूचा देव' हे वाक्य तर अजून फिरतं. असा देवच नाही. चार्ल्स व्हॅलन्सी नावाच्या १८व्या शतकातल्या एका लष्करी अधिकाऱ्याला शब्दांच्या व्युत्पत्त्या लावायचा नाद होता, त्यातून साविन मृत्यूशी जोडलं गेलं. मध्ययुगीन आयरिश लेखक या शब्दाची फोड 'उन्हाळ्याचा शेवट' अशीच करत होते.

भक्कम पुरावा म्हणून दाखवावी अशी एक वस्तू आहे, तीही आयर्लंडची नव्हे. १८९७ साली फ्रान्समधल्या कोलिन्यी गावाजवळ काशाच्या पत्र्याचे तुकडे सापडले. ते जोडल्यावर निघालं गॉलिश भाषेतलं पंचांग. त्यात 'सामोनिओस' नावाचा महिना आहे आणि त्यात 'सामोनिओसच्या तीन रात्री' अशी नोंद आहे. हेच साविन का, यावर अभ्यासकांची जुंपलेली आहे, कारण 'सामो' म्हणजे उन्हाळा, आणि तो संपणारा की सुरू होणारा हे पत्रा सांगत नाही. मला त्यातली दुसरीच गोष्ट मोहवते. हे पंचांग चांद्र महिन्यांचं आहे आणि सूर्याशी मेळ घालायला पाच वर्षांत दोन अधिक महिने धरतं, एकूण ६२ महिने. आपल्या वेदांग ज्योतिषातलं युगही पाच वर्षांचं, अधिकमासही दोनच. यावरून लगेच 'केल्ट मूळचे आपलेच' असा फॉरवर्ड कृपा करून कोणी बनवू नये. चंद्र आणि सूर्य दोन्ही सांभाळायचे म्हटल्यावर गणित तसंच सुटतं.

मग चर्च आलं. ठरीव गोष्ट अशी सांगतात की पोपने मुद्दाम साविनच्याच दिवशी ख्रिस्ती सण बसवला आणि जुना सण गिळला. ऐकायला छान आहे. पण तारखा वेगळं बोलतात. सगळ्या हुतात्म्यांचा एक सामायिक दिवस रोममध्ये आधी १३ मेला पाळत. सातव्या शतकाच्या सुरुवातीला रोमचं पँथियन देऊळ याच तारखेला चर्च झालं. 'सर्व संतांचा दिवस' १ नोव्हेंबरला साजरा होऊ लागला तो इंग्लंड आणि जर्मन मुलखात, साधारण ८०० च्या आसपास, आणि ८३५ साली फ्रँकिश सम्राट लुई याने पोप चौथा ग्रेगरी याच्या सांगण्यावरून तो साम्राज्यभर लावला. गंमत अशी की त्या काळच्या आयरिश चर्चच्या यादीत सर्व संतांचा दिवस येतो २० एप्रिलला. ज्या देशाचा सण गिळायचा, तिथेच तारीख वेगळी! बहुधा दोन सण शेजारी येऊन बसले आणि पुढे त्यांचे संसार एकमेकांत मिसळले.

नाव मात्र निःसंशय ख्रिस्ती. जुन्या इंग्रजीत 'हॅलो' म्हणजे संत. 'सर्व हॅलोंच्या आदली संध्याकाळ' घासून घासून हॅलोविन झाली. म्हणजे भुताटकीच्या सणाचं नाव संतांवरून. पुढे क्लुनी मठाचा प्रमुख ओदिलो याने अकराव्या शतकाच्या सुमारास २ नोव्हेंबर हा सगळ्या मृतात्म्यांसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला. हा दिवस आपल्याला परका नाही. गोव्यात, वसईत, मुंबईतल्या जुन्या ख्रिस्ती वस्त्यांत २ नोव्हेंबरला दफनभूमीत जाऊन पाहा. आधीच झाडलोट केलेली, थडग्यांवर झेंडू आणि शेवंती, संध्याकाळी मेणबत्त्याच मेणबत्त्या. तिथे कोणी सांगाड्याचा मुखवटा घालत नाही. हॅलोविनचं हे सख्खं भावंड, पण स्वभावाने अगदी गंभीर.

त्या गंभीर दिवसातूनच दारोदार फिरणं निघालं. मृतात्मे शुद्धिस्थानात अडकलेले असतात, जिवंतांनी प्रार्थना केली की त्यांची सुटका लवकर होते, असा मध्ययुगीन समज. मग इंग्लंडातले गरीब लोक घरोघर जात आणि म्हणत, आम्हाला केक द्या, आम्ही तुमच्या मेलेल्यांसाठी प्रार्थना करतो. 'सोल केक' म्हणजे आत्म्याचा केक, मसाला घातलेला छोटा गोल. आपण पितृपक्षात ब्राह्मण नाही तर निदान कावळा शोधतो, तसा हा व्यवहार: अन्न इथे द्यायचं, पोचणार तिथे. सोळाव्या शतकात इंग्लंड प्रोटेस्टंट झालं आणि शुद्धिस्थानाची कल्पनाच रद्द झाली, तरी केक मागणं थांबलं नाही. चेशायर आणि श्रॉपशायरमध्ये गाणी म्हणत केक आणि सफरचंदं मागणं १९व्या शतकातही जोरात होतं. धर्माने हात काढून घेतला तरी खाऊचा हक्क कोण सोडतो?

आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये मागायला जाणारे सोंगं घेत. इंग्रजी शब्दांशी झगडण्यापेक्षा आपला शिमगा आठवावा. कोकणात संकासुर, गोमू, खेळे घरोघर नाचतात, पोस्त मागतात, दिली नाही तर घरमालकाचा उद्धार होतो. कॉर्क परगण्यातल्या १९व्या शतकातल्या नोंदी वाचताना मला क्षणभर चिपळूणच दिसलं. पुढे पांढरी चादर पांघरलेला माणूस, त्याच्या हातात घोड्याचं मुंडकं, याला म्हणायचं 'पांढरी घोडी'. मागे गाईची शिंगं फुंकणारी पोरं. प्रत्येक दारात लांबलचक कवन, त्याचा मथितार्थ: हात सैल सोडलात तर भरभराट, नाहीतर तुमचं तुम्ही बघा. स्कॉटलंडमध्ये तर आजही मुलाने गाणं, कविता किंवा निदान एक पांचट विनोद केल्याशिवाय खाऊ मिळत नाही. मला हीच पद्धत न्याय्य वाटते.

आणि खोड्या. लोकांची फाटकं काढून दुसऱ्याच्या शेतात नेऊन ठेवायची, धुराड्यात गवताची ढेकळं कोंबायची, दारावर कोबी फेकून पळायचं. होळीसाठी शेजाऱ्याच्या गोवऱ्या, लाकडं आणि प्रसंगी चांगली खुर्ची पळवणाऱ्या पिढीला यात नवल वाटणार नाही. शिवाय बोल लावायला भुतं होतीच.

घरात बसलेल्यांचा खेळ वेगळा. त्यांना भुतांपेक्षा लग्नाची चिंता. दोन हेझलनट घ्यायचे, एकाला मुलीचं नाव, एकाला मुलाचं, आणि विस्तवाशेजारी ठेवायचे. शांतपणे शेजारी शेजारी जळले तर जमलं, एखादा फटकन उडाला तर फिसकटलं. उत्तर इंग्लंडात या रात्रीला 'नट फोडायची रात्र' असंच म्हणत. सफरचंदाचं साल न तोडता सोलून खांद्यावरून मागे टाकायचं, पडेल त्या वळणात नवऱ्याच्या नावाचं अक्षर वाचायचं. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स याने १७८५ साली या रात्रीवर एक लांब कविता लिहिली, तिच्यात यातले बरेच खेळ आले आहेत. त्यातला अफलातून खेळ केल भाजीचा: डोळे मिटून वाफ्यात जायचं आणि हाताला येईल तो दांडा उपटायचा. दांडा सरळ तर जोडीदार सरळ, वाकडा तर तोही तसाच. मुळाला माती चिकटलेली असेल तितका हुंडा. गाभा चाखून बघायचा: गोड लागला तर स्वभाव गोड, कडू लागला तर भोगा.

आयर्लंडमध्ये अजून टिकलेला खेळ खाण्यातला आहे. बार्मब्रॅक नावाचा मनुका घातलेला पाव भाजताना त्यात वस्तू लपवत. कापून वाटला की ज्याच्या तुकड्यात अंगठी त्याचं वर्षात लग्न. नाणं आलं तर पैसा, चिंधी आली तर दारिद्र्य, वाटाणा आला तर यंदा लग्न नाही, आणि काडी आली तर लग्न होईल पण भांडणाचं. आता दुकानात विकतात त्या पावात बहुतेक फक्त अंगठी असते. चिंधी विकत घ्यायला कोण तयार होणार म्हणा.

भोपळ्याचं सांगायचं तर तो मुळात भोपळा नव्हताच. आयरिश आणि स्कॉटिश लोक सलगम कोरत. गोष्ट अशी की जॅक नावाच्या एका कंजूष दारुड्याने सैतानाला दोनदा फसवलं आणि 'मला नरकात नेणार नाही' असं वचन घेतलं. मेल्यावर स्वर्गात घेईनात, आणि वचनात अडकलेला सैतानही दार उघडेना. सैतानाने अंधारात वाट दिसावी म्हणून एक निखारा तेवढा फेकला. जॅकने तो पोखरलेल्या सलगमात ठेवला आणि तेव्हापासून तो भटकतो आहे. दलदलीवर रात्री तरंगता उजेड दिसतो आणि त्याच्या मागे जाणारा वाट चुकतो, तो हाच. आपण म्हणू, चकवा लागला.

आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या मेयोमधल्या शाखेत अशा एका सलगम-भुताचा प्लास्टरचा साचा आहे. मूळ सलगम डोनेगल परगण्यातला, १९४३ साली एका शिक्षिकेने दिलेला. त्याचा फोटो पाहिलात तर भोपळा म्हणजे कार्टून वाटेल. खोबणीत गेलेले डोळे, विरळ दात, सुरकुतलेली कातडी, थेट वाळलेलं मुंडकं. मी एका थंडीत हौसेने मंडईतून सलगम आणला. त्यांचे सलगम मोठे, आपला जेमतेम मुठीएवढा. चमचा वाकला, सुरी घसरली, शेवटी सोलाण्याच्या टोकाने तासभर कोरून दोन डोळे आणि एक फटकुरं तोंड झालं. आत पणती ठेवल्यावर पाच मिनिटांत घरभर करपलेल्या मुळ्याचा वास. बायको म्हणाली, "भूत येणार नाही, आलं तरी थांबणार नाही."

सलगमाची सुटका अमेरिकेने केली. १८४५ ते १८५२ च्या बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंडमध्ये दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली, त्यांतली पुष्कळ अमेरिकेला. तिथे भोपळा आयता: मोठा, मऊ, पोकळ, रंगही शेकोटीचा. आपण ज्याचे घारगे करतो तो लाल भोपळाही मूळचा त्याच खंडातला, मिरची-बटाट्याच्या बोटीतून आलेला. कोरायचे भोपळे मात्र वेगळे, पातळ गराचे आणि पाणचट. त्याचे घारगे करायच्या भानगडीत पडू नये.

अमेरिकेतल्या शहरांत खोड्यांचं रूप बिघडलं. खेड्यात फाटक उचलणं वेगळं आणि शहरात खिडक्या फोडणं वेगळं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नगरपालिका, शाळा, क्लब वैतागले आणि पोरांना गुंतवायला मिरवणुका, पार्ट्या सुरू झाल्या. घरोघर खाऊ देणं हा त्यातलाच तह: आम्ही देतो, तुम्ही त्रास देऊ नका. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातल्या ब्लॅकी गावच्या १९२७ च्या बातमीत 'ट्रिक की ट्रीट' असं म्हणत दार ठोठावणारी मुलं भेटतात. महायुद्धात साखरेचं रेशनिंग झालं, ते १९४७ मध्ये उठलं, आणि मग चॉकलेटवाल्यांनी हा सण उचलला तो आजतागायत.

त्यातच एक नवं भूत आलं: अनोळखी माणसाने विष घातलेला खाऊ. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या बातम्या तपासल्या. अनोळखी माणसाने या रात्री वाटलेल्या खाऊतून मूल मेलं अशी एकही घटना त्यांना सिद्ध झालेली सापडली नाही. टेक्सासमध्ये १९७४ साली एक मुलगा खरोखर विषारी खाऊने मेला, पण तो त्याच्या बापानेच दिला होता, विम्याच्या पैशांसाठी. तरी भीती राहिली, आणि घरी केलेला खाऊ बाद झाला. आता फक्त बंद पाकीट चालतं.

२०२४ साली ३१ ऑक्टोबरला आपल्याकडे नरक चतुर्दशी होती आणि न्यू जर्सीत त्याच संध्याकाळी लक्ष्मीपूजन. माझी मावसबहीण तिथे राहते. दारात आकाशकंदील, पायरीवर मुलाने कोरलेला भोपळा, त्याच्या शेजारी पणत्या. पहिल्या वर्षी तिने सोंगं घेऊन आलेल्या पोरांना घरचे बेसनाचे लाडू दिले होते. शेजारणीने दुसऱ्या दिवशी अगदी गोड बोलून समजावलं. तेव्हापासून मुलांच्या पिशवीत पाकिटं पडतात, आणि लाडवांचं ताट सोबत आलेल्या आईबापांपुढे धरलं जातं. ते अंधारात, पायरीवर उभ्या उभ्या दोन दोन खातात आणि पोरांना सांगतात, "चला, पुढच्या घरी."